पेठेचा संघ, गावाचे मैदान

रहाटणीत रोज संध्याकाळी एक वर्ग भरतो. हा मोठ्या माणसांचा वर्ग आहे. कारखान्यातली पाळी संपवून कुणी येतो. बांधकामावरून कुणी येतो. धुणीभांडी आटपून बाया येतात. कुणी बीडकडचे, कुणी लातूरकडचे, कुणी सोलापूरकडचे. पोटापाण्यासाठी सगळी इकडे आलेली.

या वर्गात एक आबा आहेत. ते कोल्हापूरचे. एका इमारतीवर रखवालदारी करतात. वय साठीच्या पुढे गेले, पण शिकायची हौस दांडगी. एखादे जोडाक्षर अडले की स्वतःवरच रागावतात.

एके दिवशी आबा उशिरा आले. कोपऱ्यात गप्प बसले. त्यांनी वहीसुद्धा उघडली नाही.

गुरुजींनी विचारले, "आबा, आज बरे वाटत नाही का?"

आबांनी खिशातून घडी केलेला एक कागद काढला. म्हणाले, "गुरुजी, धाकट्या भावाच्या पोराचा कागद हाय. माझ्यासंगं इथंच रहाटणीत ऱ्हातोय. चाकणला कंपनीत लागायचा हुता. आता ते न्हाई म्हणत्यात."

"तुम्ही कागद वाचलात का?"

"निम्मा वाचला. पुढं एक शब्द लई लांबडा हाय. तिथं गाडी अडली."

गुरुजींनी तो शब्द फळ्यावर लिहिला. न्यायप्रविष्ट. सगळ्यांनी मिळून तो फोडून वाचला. न्याय-प्रविष्ट. न्याय म्हणजे इथे न्यायालय, कोर्ट. प्रविष्ट म्हणजे आत गेलेले. प्रकरण कोर्टात आहे, निकाल अजून लागायचा आहे, असा त्याचा अर्थ.

कागद पोलिसांकडचा होता. हल्ली पुष्कळ कारखाने माणूस कामावर घेण्यापूर्वी चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतात. या माणसावर काही गुन्हा नोंदलेला आहे का, हे पोलीस तपासून लिहून देतात. आबांच्या पुतण्यावर गुन्हा दाखल होता.

बीडच्या ताईंनी हळूच विचारले, "आबा, पोरानं चोरी केली का वो?"

"चोरी न्हाई, ताई. फुटबॉलची मॅच बघाय गेल्ता."

सारा वर्ग चकित झाला. मॅच पाहायला गेला, त्यात गुन्हा कसला?

गुरुजींनी त्या दिवशीचा धडा बाजूला ठेवला. ते म्हणाले, "आबा, आजचा पाठ तुम्ही सांगा. त्या मैदानाची सगळी हकिगत सांगा. राहील ते मी सांगेन."

मंडळी, आबांनी जे सांगितले आणि गुरुजींनी त्यात जी भर घातली, तेच खाली दिले आहे.

तळ्याच्या जागी मैदान

कोल्हापूर हे तळ्यांचे गाव. रंकाळा तर सर्वांना ठाऊक आहे. पण पूर्वी गावात आणखीही बरीच तळी होती. गाव वाढत गेले, तशी काही तळी बुजवली गेली. वरुणतीर्थ बुजले, तिथे गांधी मैदान झाले. कपिलतीर्थाच्या जागी मंडई बसली. रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम उभे राहिले.

स्टेडियम म्हणजे लोकांना बसायला पायऱ्या असलेले खेळाचे मैदान. मध्ये हिरवळ आणि भोवती पायऱ्या. जिथे एके काळी पाणी होते, तिथे आता चेंडू पळतो.

मैदानाला नाव आहे राजर्षी शाहू महाराजांचे. शाहू महाराज १८९४ साली कोल्हापूरच्या गादीवर बसले. १९२२ साली ते वारले. या अठ्ठावीस वर्षांत त्यांनी पुष्कळ कामे केली. १९१७ साली त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा हुकूम काढला. आज आपण इथे अक्षरे गिरवतो. त्या अक्षरांची ओढ गोरगरिबांना लागावी, म्हणून शंभर वर्षांपूर्वी एक राजा झटत होता.

शाहू महाराजांना कुस्तीचाही मोठा नाद. १९०२ साली ते विलायतेला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोम शहरातले जुने, गोल, पायऱ्यापायऱ्यांचे क्रीडागार पाहिले. तसे मैदान आपल्या गावी असावे, असे त्यांच्या मनाने घेतले, असे सांगतात. मग १९१२ च्या सुमारास खासबागेचे कुस्तीचे मैदान तयार झाले. मध्ये हौदा आणि चहूबाजूंनी वर चढत गेलेला उतार. मागे बसलेल्यालाही पुढच्याइतकीच कुस्ती दिसते. हे खासबाग मैदान आणि शाहू स्टेडियम यांच्यात फार अंतर नाही. चालत जाता येते.

तालमीतला फुटबॉल

आबांनी संघांची नावे सांगायला सुरुवात केली. "पाटाकडील तालीम मंडळ. बालगोपाल तालीम मंडळ. दिलबहार तालीम मंडळ. खंडोबा तालीम मंडळ. शिवाजी तरुण मंडळ. प्रॅक्टिस क्लब. फुलेवाडीचा संघ..."

ताई हसल्या. "आबा, ही तर कुस्तीची नावं! फुटबॉलला तालीम कशाला?"

प्रश्न बरोबर होता. तालीम म्हणजे कुस्ती शिकण्याची जागा. तिथे लाल माती, मारुतीची तसबीर आणि जोरबैठका काढणारी पोरे असायची. कोल्हापुरात पेठेपेठेत अशा तालमी होत्या. पेठ म्हणजे गावाचा एक भाग. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, रविवार पेठ अशी तिथली नावे. तालीम ही पेठेची बैठकीची जागा. सणवार, गणपती, कुणाच्या घरचे लग्न, कुणाच्या घरचे मयत, सगळ्याला तालमीतली पोरे धावून जायची.

पुढे इंग्रजांच्या काळात फुटबॉल आला. गोऱ्या पलटणी तो खेळत. शाळा-कॉलेजांतही तो शिरला. कोल्हापूरच्या पोरांनी पाहिला आणि उचलला. पैलवानाला खुराक लागतो. दूध, तूप, बदाम लागतात. फुटबॉलला एक चेंडू पुरतो, आणि त्या एका चेंडूवर बावीस पोरे खेळतात. तालमीकडे पोरे होती, शिस्त होती आणि पेठेचा अभिमान होता. म्हणून तालमीच फुटबॉलचे संघ चालवू लागल्या. आजही संघाच्या नावात 'तालीम' शब्द आहे तो असा.

या साऱ्या संघांचा कारभार पाहायला एक संस्था आहे. तिचे नाव कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन. लोक तिला केएसए म्हणतात. ती १९४० साली स्थापन झाली. हंगामाच्या आरंभी खेळाडूंची नावे तिच्याकडे नोंदवावी लागतात. साखळी सामने ती भरवते. त्याखेरीज तालमी आपापले चषक ठेवून स्पर्धा घेतात. थंडीत हंगाम सुरू होतो आणि उन्हाळ्यात तो रंगात येतो.

खेळ थोडक्यात

वर्गातल्या काही जणांनी फुटबॉल कधी पाहिला नव्हता. म्हणून गुरुजींनी फळ्यावर चौकोन काढून समजावून सांगितले.

दोन संघ. एकेका संघात ११ खेळाडू. चेंडू पायाने किंवा डोक्याने मारायचा. हात लावायचा नाही. हात लावायची मुभा फक्त गोलरक्षकाला, तीही आपल्या गोलापुढच्या आखलेल्या जागेत. गोलाची चौकट ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच, म्हणजे २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच. चेंडूचे वजन ४१० ते ४५० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या किलोला थोडे कमी. पुरा सामना ९० मिनिटांचा. मध्यावर विश्रांती.

मैदानात एक पंच असतो. त्याच्या खिशात दोन पत्ते असतात, एक पिवळा आणि एक लाल. पिवळा दाखवला की ताकीद मिळाली. लाल दाखवला की खेळाडू बाहेर, आणि त्याच्या जागी दुसरा घ्यायचा नाही. संघाने मग दहा जणांवर खेळायचे. एकाच्या रागाची शिक्षा उरलेल्या दहा जणांना भोगावी लागते.

आबा मध्येच म्हणाले, "पत्ता खेळाडूला असतोय, गुरुजी. बघणाऱ्याला कुणी पत्ता दावत न्हाई. तिथंच घोटाळा हाय."

सामन्याचा दिवस

"मोठ्या सामन्याचा दिवस म्हणजे पेठंत सण," आबा सांगू लागले, आणि त्यांचा आवाज मोकळा झाला.

"सकाळपासनं पोरांचं कामात ध्यान नसतंय. दुपारच्याला जेवण उरकायचं आन् सुटायचं. आमचा बा मला खांद्यावर बशिवून न्यायचा. मी सहा-सात वर्साचा असंन. पेठंतली माणसं एका बाजूला बसायची, समोरच्या पेठंतली दुसऱ्या बाजूला. हलगी वाजायची. भडंगाचा पुडा हातात असायचा. पण खायचं ध्यान कुणाला? पुडा तसाच ऱ्हायचा."

या खेळाची एक गोष्ट ध्यानात घ्या. मुंबईत किंवा विलायतेत मोठा खेळाडू पडद्यावर दिसतो. तो आपल्याला ओळखत नाही. कोल्हापुरात तसे नाही. गोलरक्षक आपल्या बोळातला. पुढे खेळणारा आपल्या वर्गातला. त्याची आई नळावर भेटते. गेल्या साली गोल मारणारा आज दुकानात वजन करून साखर देतो. कधी बाहेरगावचे खेळाडू येतात, आफ्रिकेतल्या नायजेरिया देशाचेही येऊन खेळून गेले. पण संघ पेठेचाच. म्हणून तो जिंकला की घरातला जिंकला असे वाटते, आणि हरला की त्या रात्री घास गोड लागत नाही.

सामना संपला तरी संपत नाही. रात्री चौकात बैठक बसते. तो चेंडू डाव्या पायाने मारायला हवा होता, अमक्याने पुढे यायला नको होते, अशी चर्चा चालते. म्हातारी माणसे चाळीस वर्षांपूर्वीचा गोल कालच पाहिल्यासारखा सांगतात. जिंकलेला संघ गुलाल उधळत पेठेत येतो. बाया दारात उभ्या राहून ओवाळतात. हल्ली बायका-मुलीही सामना पाहायला जातात.

चार वर्षांनी जगाचा विश्वचषक येतो, तेव्हाही कोल्हापूर जागे राहते. अर्धे गाव ब्राझीलचे, अर्धे अर्जेंटिनाचे. बोळाबोळांत परदेशी झेंडे लागतात. २०२२ च्या डिसेंबरात अर्जेंटिनाने फ्रान्सला हरवून चषक जिंकला. सामना झाला दूर कतार देशात, पण जल्लोष झाला कोल्हापुरातही.

या मातीतला एक मुलगा देशासाठीही खेळला. त्याचे नाव अनिकेत जाधव. तो कोल्हापूरचा. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तो तयार झाला. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात भरला. त्या भारतीय संघात तो होता.

गुरुजी म्हणाले, "असा मुलगा तयार व्हायला मैदान लागते. आणि मैदान चालू राहायला शहाणे प्रेक्षक लागतात."

दगड कुठून येतो?

आबा आता थांबत थांबत बोलू लागले.

आधी चिडवाचिडवी असते. तुमचा संघ असा, आमचा तसा. त्यात गंमत असते. मग एखादा शिवी देतो. मग कुणी समोरच्या पेठेच्या नावाने घोषणा देतो. हल्ली मोबाईलवर आदल्या दिवसापासूनच डिवचणे सुरू होते. सामन्याच्या वेळी पंचाचा एखादा निर्णय पटत नाही. पाण्याची बाटली मैदानात पडते. तिकडून चप्पल येते. मग कुणाच्या तरी हातात दगड येतो. दगडाला पेठ कळत नाही. तो कुणालाही लागतो.

अशा हाणामाऱ्यांपायी चालू स्पर्धा अर्ध्यावर थांबवाव्या लागल्या, असे एकदा नव्हे, अनेकदा घडले आहे. मैदान बंद झाले की नुकसान कुणाचे होते? भडंग-भेळ विकणाऱ्याची संध्याकाळ बुडते. वर्षभर पहाटे उठून धावलेला खेळाडू घरी बसतो. खेळाडूचे पाय काही जन्मभर साथ देत नाहीत. त्याचा एक हंगाम गेला, तो परत येत नाही.

याहून वाईट प्रकार कलकत्त्यात घडला. कलकत्त्यातही दोन मोठे संघ आहेत, मोहन बागान आणि ईस्ट बंगाल. तिथेही घराघरांत असेच दोन तट असतात. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्स मैदानावर या दोघांचा सामना होता. प्रेक्षकांत मारामारी जुंपली. पळापळ झाली. चेंगराचेंगरीत १६ माणसे मेली. सकाळी घरून निघताना ती सामना पाहायलाच निघाली होती. पुढे दरवर्षी त्या दिवशी तिथे त्यांच्या आठवणीसाठी रक्तदान होऊ लागले. रक्ताच्या बाटलीवर ना मोहन बागान लिहिलेले असते, ना ईस्ट बंगाल.

वर्ग काही वेळ गप्प होता.

मग ताईंनी विचारले, "आबा, तुमच्या पोरानं दगड मारला का वो?"

आबा खाली पाहून म्हणाले, "एक मारला म्हणतोय. कुणाला लागला न्हाई म्हणतोय. पर हातात घेतला की, ताई. घेतला ते घेतलाच."

गुरुजींनी कायदा सांगितला. कायद्यात 'बेकायदा जमाव' असा शब्द आहे. जमावाने दंगा केला, तर दगड नेमका कुणी मारला एवढेच पाहत नाहीत. त्या जमावात सामील असलेल्या प्रत्येकाला जबाबदार धरता येते. "मी नुसता मागे होतो" असे म्हणून सुटका होईलच असे नाही.

"मी इथं कामावर हुतो," आबा म्हणाले. "तिकडं भावाला बोलावलं. त्याला वाचता येत न्हाई. दावतील तिथं अंगठा लावून आला. कशावर लावला ते त्याला अजून ठावं न्हाई."

एका खोलीतले दोघे

आणि मग आबांनी जे सांगितले, ते सर्वांच्या मनाला लागले.

"गुरुजी, खोलीत पोराबरोबर आणखी एक पोरगा ऱ्हातोय. कोल्हापूरचाच. समोरच्या पेठंतला. त्या दिवशी तोबी मैदानात हुता, पलीकडच्या बाजूला. इथं दोघं एका ताटात जेवत्यात. भाडं निम्मं-निम्मं भरत्यात. कोर्टाच्या तारखंला जायला पोराकडं पैसं नव्हतं, ते ह्यानंच दिलं. इथं रहाटणीत त्यांला कुणी पेठ इचारत न्हाई. दोघंबी कोल्हापूरचं, एवढंच. मग तिथंच काय हुतंय?"

गुरुजींनी विचारले, "आबा, तुमची पेठ कुठली?"

आबांनी मान हलवली. "पेठंचं नाव नगं, गुरुजी. कुठलीबी घ्या, गोष्ट हीच हाय."

मंडळी, विचार करा. आपल्या पेठेचा अभिमान वाईट आहे का? मुळीच नाही. अभिमान नसता, तर तालमी उभ्या राहिल्या नसत्या आणि संघही झाले नसते. पण सामना एका संघाने होत नाही. समोर दुसरा संघ लागतो. तो तगडा असेल तर आपल्या विजयाला मोल. कुस्तीतही हेच. पैलवान आधी हात मिळवतो आणि मग डाव टाकतो. समोरच्या पेठेला मैदानातून पळवून लावले, तर उद्या खेळायचे कुणाशी?

संघ पेठेचा असतो. मैदान मात्र साऱ्या गावाचे असते.

मग पुढे काय?

गुरुजींनी आबांना तीन गोष्टी सांगितल्या. त्या सर्वांनी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट. गुन्हा दाखल झाला म्हणजे गुन्हा शाबीत झाला असे नव्हे. ते कोर्ट ठरवते. म्हणून कोर्टाची एकही तारीख चुकवू नये.

दुसरी गोष्ट. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर घाबरू नये. जिल्ह्याच्या कोर्टात विधी सेवा प्राधिकरण असते. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कारखान्यातले कामगार आणि कमी उत्पन्नाची माणसे यांना तिथे वकिलाची मदत फुकट मिळू शकते. तिथे अर्ज करावा.

तिसरी गोष्ट. वाचल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करू नये, अंगठा लावू नये. वाचता येत नसेल तर "मला वाचून दाखवा" असे म्हणावे. यात लाज कसली? समजल्याशिवाय अंगठा लावला, तर पुढे सारे घर गोत्यात येते.

आबांनी आपली वही उघडली. अडलेला तो लांबडा शब्द त्यांनी सावकाश लिहिला. न्या-य-प्र-वि-ष्ट. 'ष्ट' दोनदा खोडला आणि तिसऱ्यांदा बरोबर काढला. मग त्याखाली स्वतःच्या मनाने एक ओळ लिहिली. गुरुजींनी ती मोठ्याने वाचली.

"पोराला आणि त्याच्या दोस्ताला उद्यापासून वर्गात आणतो."

"अहो, त्यांना लिहिता-वाचता येते ना?" गुरुजी म्हणाले.

"येतंय की," आबा म्हणाले. "म्हणून तर. आम्हास्नी शिकवू द्यात. संध्याकाळचा वेळ बरा जाईल, आन् दोघं एका बाजूला बसतील."

शब्द आणि त्यांचे अर्थ

पेठ – गावाचा एक भाग, वस्ती
तालीम – कुस्ती शिकण्याची जागा, आखाडा
साखळी सामने – प्रत्येक संघाने इतर संघांशी खेळायचे सामने
चषक – जिंकणाऱ्याला मिळणारा मोठा पेला
पंच – सामन्यात निर्णय देणारा
चारित्र्य पडताळणी – माणसाची वागणूक कशी आहे, याची तपासणी
न्यायप्रविष्ट – कोर्टात चालू असलेले
शाबीत – पुराव्याने सिद्ध झालेले

प्रश्न

१. शाहू स्टेडियमच्या जागी पूर्वी काय होते?
२. कोल्हापूरच्या फुटबॉल संघांच्या नावात 'तालीम' हा शब्द का आहे?
३. एका खेळाडूला लाल पत्ता मिळाला तर संघात किती खेळाडू उरतात?
४. कलकत्त्यात १६ ऑगस्ट १९८० रोजी काय घडले? त्या दिवसाची आठवण तिथे कशी ठेवतात?
५. आबांनी आपल्या पेठेचे नाव का सांगितले नसेल? तुम्हाला काय वाटते?
६. तुमच्या गावी दोन आळ्यांत किंवा दोन भावकींत असा वाद आहे का? रहाटणीत त्यांतली माणसे एकमेकांशी कशी वागतात? यावर पाच ओळी लिहा.